भिंगाची पोच

दुकानातल्या काचेवर दोन कॅमेरे शेजारी शेजारी ठेवलेले आहेत. दोन्ही एकाच कंपनीचे, दोन्ही कोटाच्या खिशात मावणारे; वजनातला फरक जेमतेम तीस ग्रॅमचा. एकाच्या खोक्यावर ‘दहापट’ असा आकडा छापलेला आहे आणि दुसऱ्याच्या खोक्यावर ‘तीसपट’. गिऱ्हाइकाचा हात साहजिकच तिसाकडे जातो. मग विक्रेता किमती सांगतो आणि गिऱ्हाईक बुचकळ्यात पडते, कारण अधिक महाग आहे तो दहापटीचा.

ही केवळ कल्पना नव्हे. २०१६ च्या जानेवारीत पॅनासॉनिक या जपानी कंपनीने नेमके असे दोन कॅमेरे एकाच वेळी जाहीर केले. टीझेड-१०० हा दहापटीचा आणि टीझेड-८० हा तीसपटीचा. दोन्हींच्या भिंगाभोवतीच्या कड्यावर लायका या नामांकित जर्मन घराण्याचेच नाव कोरलेले होते, तेव्हा नावावरून निवाडा करण्याचीही सोय नव्हती. जे कमी दाखवते त्याला अधिक दाम का मोजावा, हा गिऱ्हाइकाचा प्रश्न रास्तच होता. त्याचे उत्तर मात्र त्या खोक्यावर कोठेही छापलेले नव्हते. ते भिंगांच्या पावणेदोनशे वर्षांच्या इतिहासात विखुरलेले आहे.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेरची कृती जगापुढे आली, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याला शार्ल शेव्हालिए या चष्मेवाल्या कारागिराच्या घराण्यातल्या माणसाने घडविलेले भिंग होते. ते स्वच्छ होते, पण फार मंद होते. भिंग किती प्रकाश आत घेते हे मोजण्याची रीत सोपी आहे. दूरच्या वस्तूची प्रतिमा भिंगामागे ज्या अंतरावर रेखीव उमटते ते त्याचे केंद्रांतर. या केंद्रांतराला भिंगाच्या उघड्या छिद्राच्या व्यासाने भागावयाचे. भागाकार जितका लहान, तितका प्रकाश अधिक. शेव्हालिएच्या भिंगाचा हा अंक पंधराच्या आसपास होता. परिणामी भर उन्हातही एकेका चित्राला कित्येक मिनिटे लागत. इमारती तेवढा वेळ स्थिर राहत. माणसांना ते जमत नसे.

हा अडसर एका गणितज्ञाने दूर केला. योझेफ पेट्सव्हाल हे व्हिएन्ना विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. भिंगे घासून, लावून पाहून, पुन्हा घासण्याची कारागिरांची परंपरा त्यांनी बाजूला सारली आणि काचेतून जाणाऱ्या किरणांचा मार्ग कागदावर आधी मांडला. हे काम एकट्याच्या आवाक्यातले नव्हते. ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातले आकडेमोडीत तरबेज असे काही सैनिक त्यासाठी त्यांना मिळाले. तोफगोळ्याची वाट मोजणाऱ्यांनी प्रकाशाची वाट मोजली, आणि १८४० मध्ये ३.६ अंकाचे भिंग सिद्ध झाले. शेव्हालिएच्या भिंगापेक्षा ते पंधरापटीहून अधिक प्रकाश घेत असे. माणसाचा चेहरा आता मिनिटाच्या आत टिपता येऊ लागला.

व्हिएन्नाच्या फोइग्टलेंडर या पेढीने हे भिंग बाजारात आणले आणि त्यावर मोठा पैसा मिळविला. पेट्सव्हाल यांना एकरकमी दोन हजार गुल्डन मिळाले. पुढे दोघांचे बिनसले. ऑस्ट्रियातले पेटंट जर्मनीत लागू नव्हते, तेव्हा पेढीने ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला. १८५९ मध्ये पेट्सव्हाल यांच्या घरी चोरी झाली आणि त्यांची भिंगशास्त्रावरील हस्तलिखिते नाहीशी झाली. छायाचित्रणाच्या इतिहासातली ही फार मोठी हानी होय, आणि तिची जाणीव त्या काळी फार थोड्यांना झाली असावी.

परंतु येथे महत्त्वाचे ते हे, की पेट्सव्हाल यांच्या भिंगाने जे दिले त्याची किंमतही वसूल केली. चित्राचा मध्य लखलखीत येई आणि कडा पुसट होऊन गरगरल्यासारख्या दिसत. चेहऱ्याला ते चालत असे, कारण पाहणाऱ्याची दृष्टी डोळ्यांवरच खिळलेली असते. मंदिराच्या शिखराला किंवा डोंगराच्या रांगेला ते चालत नसे. (मौज अशी की २०१३ मध्ये हेच भिंग नव्या रूपात पुन्हा विक्रीस आले, आणि ते घेणाऱ्यांना हव्या होत्या त्या गरगरत्या कडाच.) म्हणून त्या काळचा व्यावसायिक चेहऱ्यासाठी एक आणि देखाव्यासाठी दुसरे अशी भिंगे बाळगीत असे. १८६३ साली सॅम्युअल बोर्न सिमल्याहून हिमालयात चित्रे घेण्यास निघाला, तेव्हा त्याच्याबरोबर सुमारे तीस हमाल होते. ते ओझे अर्थात एकट्या भिंगांचे नव्हते. काचपट्ट्या, रसायने आणि अंधारा तंबू हेही त्यात होते. पण ज्याला निरनिराळ्या अंतरांवरचे सर्व काही टिपावयाचे आहे त्याला किती वाहून न्यावे लागते, याचे मोजमाप म्हणून त्या तीस पाठी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काचच बदलली. येना येथे १८८४ साली ओटो शॉट आणि एर्न्स्ट आबे यांनी काचेचा कारखाना काढला आणि पूर्वी कधी नव्हती अशा गुणांची काच भिंगकारांच्या हाती दिली. १८९३ मध्ये इंग्लंडमधील डेनिस टेलर यांनी अवघ्या तीन भिंगांचा कुक ट्रिप्लेट आखला, आणि १९०२ मध्ये झाइसच्या पॉल रुडॉल्फ यांनी चार भिंगांचा टेसार आणला. मध्यापासून कोपऱ्यापर्यंत रेखीव चित्र आता थोडक्या काचेत मिळू लागले. याच टेलर यांना एक चमत्कारिक गोष्ट आढळली. हवेने डागाळलेले जुने भिंग नव्या चकचकीत भिंगापेक्षा अधिक प्रकाश आरपार सोडत होते. काचेच्या प्रत्येक उघड्या पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश मागे फिरतो. त्या मळकट थराने तो थोडा अडविला होता. हा थर हेतुपुरस्सर, निर्वातात आणि बेताच्या जाडीने चढविण्याची रीत झाइसच्या अलेक्झांडर स्मकुला यांनी १९३५ मध्ये सिद्ध केली. ही गोष्ट क्षुल्लक वाटेल. पण वीस उघडे पृष्ठभाग असलेल्या भिंगातून, असा थर नसेल, तर निम्म्याहूनही कमी प्रकाश पार जातो, आणि जो अडतो तो आतल्या आत भटकून चित्रावर धुरकट पडदा पसरतो. झूम भिंगाला वीस पृष्ठभाग सहज लागतात. स्मकुलांच्या थरावाचून झूमचा पुढचा इतिहास घडलाच नसता.

केंद्रांतर बदलणाऱ्या भिंगाची कल्पना मात्र त्याहून जुनी. अमेरिकेत क्लाइल अ‍ॅलन यांनी १९०२ सालीच तिचे पेटंट घेतले होते. कल्पना अशी की आतील भिंगांचे गट एकमेकांपासून दूर किंवा जवळ सरकवावे, म्हणजे दृश्य लहानमोठे होते. कठीण भाग पुढेच आहे. गट सरकले की प्रतिमा आपली जागा सोडते, म्हणून ती धरून ठेवण्यासाठी दुसरा गट निराळ्या गतीने सरकला पाहिजे. शिवाय रंग फाटणे, सरळ रेषा वाकणे, कोपरे पुसट होणे हे जे दोष एका केंद्रांतराला महाप्रयासाने मारलेले असतात, ते दुसऱ्या केंद्रांतराला पुन्हा डोके वर काढतात. साध्या भिंगाचे गणित एकदा करावयाचे. झूमचे गणित प्रत्येक मुक्कामाला नव्याने. पेट्सव्हाल यांच्या मदतीला आलेले सैनिक येथे पुरे पडले नसते. म्हणूनच खऱ्या अर्थाने उत्तम झूम भिंगे आली ती विद्युत्संगणक आल्यावर.

त्याआधीही प्रयत्न झाले. १९३२ मध्ये चलच्चित्राच्या कॅमेऱ्यासाठी ‘व्हॅरो’ हे ४० ते १२० मिलिमीटरचे, म्हणजे तिपटीचे भिंग आले. महायुद्ध संपल्यावर न्यूयॉर्कमध्ये फ्रँक बॅक यांनी ‘झूमार’ तयार केले आणि अमेरिकेतल्या दूरचित्रवाणीने ते मैदानी खेळांसाठी उचलले. फ्रान्समध्ये पिएर आंजेन्यू यांनी दहापटीचे भिंग केले, आणि १९६४ च्या कामगिरीबद्दल हॉलिवूडच्या अकादमीने त्यांना तांत्रिक पारितोषिक दिले. त्याच १९६४ सालच्या ‘चारुलता’मध्ये सत्यजित राय यांनी झूमचा जो उपयोग केला तो भारतीय प्रेक्षक विसरणार नाहीत. पुस्तकात बुडालेला पती शेजारून निघून जातो, चारू हातातली दुर्बीण उचलून त्याच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहते, आणि मग भिंग झर्रकन मागे येते. दोघांमधले अंतर संवादावाचून पडद्यावर उभे राहते.

चलच्चित्रात झूमचे दोष खपून जात, कारण चित्र क्षणात सरते. स्थिर छायाचित्र डोळ्यांपुढे ठाण मांडून बसते आणि त्याची झडती घेता येते. स्थिर चित्रांच्या ३५ मिलिमीटर कॅमेऱ्यासाठी पहिले झूम १९५९ मध्ये आले, ३६ ते ८२ मिलिमीटरचे. ते आखले होते फ्रँक बॅक यांनी, आणि विकले गेले ते फोइग्टलेंडरच्या नावाने. बॅक यांचा जन्म व्हिएन्नाचा. म्हणजे पेट्सव्हाल यांच्या गावचा माणूस आणि पेट्सव्हाल यांच्याशी भांडलेली पेढी शंभराहून अधिक वर्षांनी पुन्हा एकत्र आली, एवढे म्हणावयास हरकत नाही. चौदा भिंगांचे ते अवजड यंत्र खिशात मावण्याची गोष्टच नव्हती. १९६३ मध्ये निकॉनने ‘निकोरेक्स झूम ३५’ काढला. त्याचे ४३ ते ८६ मिलिमीटरचे झूम कॅमेऱ्याला कायमचे जोडलेले होते. ते काढताही येत नसे, बदलताही येत नसे. आजच्या सुपरझूमचा तो खरा पूर्वज. दोनपटीचेच ते भिंग, पण एका टोकाला भिंती बाहेर फुगत आणि दुसऱ्या टोकाला आत ओढल्या जात. जाणत्यांनी त्याची पुष्कळ चेष्टा केली. हौशी लोकांनी मात्र तेच भिंग सुटे करून विकले तेव्हा ते भराभर घेतले, आणि त्यांना मूर्ख ठरविण्याचे कारण नाही. घरच्या समारंभात भिंगे बदलीत बसण्यापेक्षा किंचित वाकडी भिंत त्यांना परवडत होती.

दोनपटीवरून शंभरपटीकडे उडी घेता आली ती काचेतल्या एखाद्या चमत्काराने नव्हे. फिल्मची जागा इलेक्ट्रॉनिक संवेदकाने घेतली, आणि हा संवेदक हवा तेवढा लहान करता येतो हे त्यामागचे कारण. फिल्मची चौकट ३६ गुणिले २४ मिलिमीटरची असे. बहुतेक सुपरझूम कॅमेऱ्यांतला संवेदक सुमारे ६.२ गुणिले ४.६ मिलिमीटरचा, म्हणजे क्षेत्रफळाने तिसाव्या हिश्शाचा असतो. चौकट लहान झाली की तेवढेच दृश्य टिपण्यास केंद्रांतरही लहान पुरते, आणि भिंगही लहान होते. २००२ मध्ये पॅनासॉनिकच्या एफझेड-१ ने बारापटीचे झूम आणि हाताचा कंप सावरणारी योजना एका हलक्या कॅमेऱ्यात आणली. आणि एवढे करून त्याचा प्रकाशांक सर्व टप्प्यांवर २.८ राखला. त्या काळच्या मानाने ती मोठी करामत होती. नंतर शर्यत सुरू झाली. २०१५ मध्ये निकॉनचा पी-९०० ८३ पटींवर गेला आणि २०१८ मध्ये पी-१००० १२५ पटींवर. चंद्रावरची विवरे तिपाईवाचूनही त्यात दिसू लागली. मात्र पी-१००० चे वजन सुमारे १,४०० ग्रॅम भरले. खिशाचा प्रश्न तेथेच संपला.

पी-१००० चे भिंग पूर्ण लांबविले की त्याचे खरे केंद्रांतर ५३९ मिलिमीटर होते आणि प्रकाशांक २.८ वरून ८ वर येतो. प्रकाश आठपटीने घटतो. हा कंपनीचा कंजूषपणा नव्हे. त्या टोकाला २.८ राखावयाचे तर पुढचे छिद्र १९ सेंटिमीटर रुंदीचे, म्हणजे एखाद्या ताटलीएवढे करावे लागले असते. आणि अंक ८ असताना दुसरीच अडचण आडवी येते, जिच्यावर कोणत्याही कारागिराचा इलाज चालत नाही. प्रकाश हा लहरींचा असल्यामुळे अत्यंत निर्दोष भिंगातूनही बिंदूची प्रतिमा बिंदू म्हणून पडत नाही; तिची लहानशी चकती होते. यास विवर्तन म्हणतात. अंक ८ ला ही चकती मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने मोजली तर सुमारे अकरा भाग रुंद असते, आणि त्या संवेदकावरचा एकेक कण दीड भागाहूनही लहान असतो. म्हणजे एका बिंदूचा ठसा ओळीने आठ कणांवर पसरतो. पाटीवर कणांची संख्या कितीही वाढवून लिहिली तरी त्या टोकाला अधिक बारकावा मिळावयाचा नाही. त्यात दुपारच्या उन्हात जमिनीवरची हवा थरथरते. दूरच्या झाडावरचा पक्षी तिच्यातूनच दिसावयाचा.

दुसऱ्या वाटेने जाणारेही निघाले. सोनीने २०१७ मध्ये आरएक्स-१० मालिकेच्या चौथ्या कॅमेऱ्यात पंचवीसपटीवरच समाधान मानले आणि संवेदक ‘एक इंची’ घेतला. (हे नाव फसवे आहे. त्याची खरी मापे १३.२ गुणिले ८.८ मिलिमीटर, कर्णही इंचभर नाही. जुन्या दूरचित्रवाणी कॅमेऱ्यांतल्या काचनळीच्या बाहेरच्या व्यासावरून पडलेले हे नाव आजतागायत चिकटून राहिले आहे.) त्याचे क्षेत्रफळ लहान संवेदकाच्या चौपट असते, आणि भिंगाचा अंक लांबच्या टोकालाही ४ च्या पलीकडे गेला नाही. वजन किलोच्या वर, किंमत तर विचारूच नये.

आता त्या दोन खिशातल्या कॅमेऱ्यांकडे वळता येईल. त्यांच्यात निवड करण्यास शेव्हालिएच्या काळापासून चालत आलेला भागाकारच पुरतो, फक्त तो उलट बाजूने करावयाचा: केंद्रांतराला अंकाने भागावयाचे, म्हणजे छिद्राचा खरा व्यास हाती येतो. टीझेड-१०० चे भिंग ९.१ ते ९१ मिलिमीटरचे, अंक २.८ ते ५.९. टीझेड-८० चे ४.३ ते १२९ मिलिमीटरचे, अंक ३.३ ते ६.४. रुंद टोकाला, म्हणजे घरातली माणसे, दिवेलागणीचा रस्ता, देवळाचा सभामंडप टिपताना, पहिल्याचे छिद्र सव्वातीन मिलिमीटरचे होते आणि दुसऱ्याचे अवघे १.३ मिलिमीटरचे. प्रकाशात सहापटीचा फरक! महागडे दहापट भिंग येथे आपली किंमत वसूल करून देत होते. पण लांबच्या टोकाला हिशेब उलटतो. तेथे तीसपटीचे छिद्र २० मिलिमीटर होते आणि दहापटीचे १५ मिलिमीटर. समोरच्या पाणथळीतल्या पक्ष्याकडून स्वस्त कॅमेराच दीडपटीहून अधिक प्रकाश गोळा करीत होता. तेव्हा तीस हा आकडा लबाडीचा होता असे म्हणता येत नाही. तो एका टोकाविषयी खरे बोलत होता आणि दुसऱ्या टोकाविषयी गप्प होता. ज्याला पाणपक्षी ओळखावयाचे आहेत त्याने तो घेतला असेल तर योग्यच केले. ज्याने तो मुलीच्या लग्नासाठी घेतला, त्याला सायंकाळच्या चित्रांत चेहऱ्यांवर रवाळ डाग सापडले असतील.

भिंगाचा सारा गुण काचेतच असतो असेही आता राहिलेले नाही. आटोपशीर झूमच्या रुंद टोकाला रेषा पुष्कळ वाकतात. पण चित्र साठविण्यापूर्वी कॅमेऱ्यातला संगणक त्या सरळ करतो, कडांवरचा रंग पुसतो, काळवंडलेले कोपरे उजळवितो. पेट्सव्हाल यांच्या सैनिकांचे गणित चित्र घेण्यापूर्वी होत असे. हे चित्र घेतल्यानंतर होते. जुन्या मताच्या लोकांना हा खोटेपणा वाटतो. वास्तविक काच जो दोष सुधारण्यास वजन आणि पैसा मागते तो जर आकड्यांनी सुधारता आला, तर हलके भिंग मिळते. फक्त ताणलेल्या कोपऱ्यांतला बारकावा थोडा कमी होतो, तेवढे जाणून असावे. लायका किंवा झाइस ही नावे कड्यावर असली तरी त्या कॅमेऱ्यांची घडण जपानी कंपन्यांच्या हातची; नावाने गुणाची काही हमी मिळते, पण दोन टोकांपैकी कोणते बलवान हे कळत नाही.

एक दोष मात्र आकड्यांनीही जात नाही. बंद करताच आत दुमडणाऱ्या या भिंगांत एकात एक बसणाऱ्या नळ्या असतात, आणि एखादा गट केसभर कलला तर चित्राची एकच बाजू पुसट येते. एकाच नमुन्याच्या दोन कॅमेऱ्यांत त्यामुळे फरक सापडतो. जाणते गिऱ्हाईक विटांच्या भिंतीसमोर किंवा भिंतीला टाचलेल्या वर्तमानपत्रासमोर उभे राहते, दोन्ही टोकांना एकेक चित्र घेते आणि चारी कोपरे एकमेकांशी ताडून पाहते. दहा मिनिटांचे काम आहे. दुकानदार थोडा कुरकुरतो इतकेच.

२०१० साली जगात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले. २०२३ मध्ये ही संख्या ८० लाखांच्याही खाली आली. फोनने साधे कॅमेरे गिळले. लांब पोचेचे कॅमेरे काही प्रमाणात टिकले, कारण फोनच्या पातळ देहात २० मिलिमीटरचे छिद्रही सहजासहजी मावत नाही, मग ६७ मिलिमीटरचे कोठून? २०२५ मध्ये निकॉनने पी-१००० चा वारस पी-११०० आणला. विद्युत्भरणाची खाच नवी, आतली काही सोय नवी. भिंग तेच, आणि खोक्यावरचा आकडाही २०१८ चाच: १२५.